लाईट गेल्यावर सोडून मेणबत्तीचा अजून काय उपयोग होतो?

खूप होतो. आमच्या घरी इन्व्हर्टर आल्यापासून मेणबत्ती लाईटसाठी कमी आणि बाकीच्याच कामाला जास्त लागते. बॅगची चेन अडकली की दातांवर मेणबत्ती घासायची, दोनचार वेळा मागेपुढे केली की सरकते, लाकडी ड्रॉवरचं पण तसंच. गोधडी शिवताना आई दोरा मेणावरून ओढून घेते, मग गुंता होत नाही.

फक्त एक, भुसावळात राहत असाल तर मे महिन्यात ती पत्र्याच्या खोलीत ठेवू नका! साधी मेणबत्ती म्हणजे पॅराफिन, पेट्रोलियममधूनच निघतं, वितळतं साधारण ५० ते ६० डिग्रीच्या आसपास पण मऊ त्याच्या आधीच पडतं, आमचा अख्खा पुडा केळीसारखा वाकला होता.

मेणबत्ती लावण्यामागच्या अर्थाचं म्हणाल तर चर्चमध्ये प्रार्थना, कँडल मार्चमध्ये श्रद्धांजली आणि वाढदिवसाला फुंकर. त्या फुंकरीवर आमची आजी अजून चिडते, दिवा कधी फुंकून विझवतात का म्हणे. त्यामुळे आमच्याकडे आधी औक्षण, मग केक, आणि मेणबत्ती आजी आत गेल्यावर.