ख्रिस्ती होमस्कूल मुलांच्या डिबेट क्लबसाठी पालकांनाच प्रशिक्षक म्हणून कसं तयार करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत घरीच शिकणाऱ्या आठ-दहा ख्रिस्ती मुलांचा वक्तृत्व आणि वादविवादाचा क्लब या ऑगस्टपासून सुरू करायचा आहे. पालकांपैकी कोणीही आयुष्यात डिबेट केलेलं नाही. मग पालकांना आधी काय शिकवायचं?

माझं उत्तर: परीक्षण. कोचिंग त्यानंतर. बहुतेक नवे क्लब नेमकं उलटं करतात. पहिल्याच बैठकीत पालकांना ठराव, पुरावे, युक्तिवादाचे प्रकार यांची माहिती भडाभडा दिली जाते, आणि दुसऱ्या आठवड्यात अर्धे पालक "हे आपल्याला जमणारं नाही" म्हणून मागे बसतात. ऐकता येणाऱ्या पालकाला शिकवता येतं. म्हणून आधी कान तयार करायचे.

असं का, हे समजायला स्पर्धांची घडण माहीत हवी. एनसीएफसीए ही लीग 1996 मध्ये एचएसएलडीए या होमस्कूल पालकांच्या कायदेविषयक संघटनेच्या छत्राखाली सुरू झाली आणि 2000 मध्ये स्वतंत्र झाली. स्टोआ ही दुसरी लीग 2009 मध्ये वेगळी उभी राहिली. दोन्हींत साधारण 12 ते 18 वयाची मुलं असतात आणि दोन्ही पालकांच्याच बळावर चालतात. परीक्षकांच्या खुर्चीत पालक, चर्चचे सभासद, शेजारी, निवृत्त शिक्षक असे लोक असतात. मुलाला पटवायचं असतं ते अशा सामान्य, जाणत्या माणसाला. इतर काही स्पर्धांत चालणारं भरधाव वाचन इथे कामाचं नाही. म्हणजे डिबेट न येणारा पालक हाच इथला खरा श्रोता आहे. तुमचं अडाणीपण पहिल्या महिन्यात उपयोगीच पडतं, फक्त ते प्रामाणिकपणे कागदावर उतरवायला शिकावं लागतं.

त्या कागदाला फ्लो म्हणतात. लीगल आकाराचा कागद (8.5 बाय 14 इंच) आडवा धरा. टीम पॉलिसी डिबेटसाठी (दोन-दोन मुलांच्या संघांचा वाद) आठ रकाने, लिंकन-डग्लससाठी (एकास एक वाद) पाच. दोन रंगांची पेनं घ्या, ठरावाच्या बाजूने एक आणि विरोधासाठी दुसरं. एका रकान्यात एक भाषण, वरून खाली. दोन मुद्द्यांमध्ये दोन बोटं जागा सोडा, कारण पुढची उत्तरं त्याच ओळीत उजवीकडे येणार असतात. पूर्ण वाक्य लिहायचं नाही. "कर वाढेल – 2 पुरावे – जुने?" एवढं पुरतं.

सराव डिबेटवर सुरू करू नका. रविवारचा उपदेश घ्या. पाळक बोलत असताना सगळ्या पालकांनी तो एका रकान्यात उतरवायचा: मुख्य विधान, आधाराचं वचन, दृष्टांत, लागूकरण. दुपारी कागद शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकाने सगळे दृष्टांत लिहिलेले असतात आणि विधान एकही नाही, दुसऱ्याची पहिली दहा मिनिटं भरगच्च आणि नंतर कोरा कागद. प्रत्येकाच्या ऐकण्यातली खोट अशी लगेच दिसते. असे तीन रविवार झाले की मगच रेकॉर्ड केलेली एक पूर्ण फेरी लावा. नव्या पालकांचा हमखास होणारा घोटाळा म्हणजे वहीत एकाखाली एक टिपणं काढत जाणं. त्यात कोणता मुद्दा अनुत्तरित राहिला हे शेवटी सापडत नाही, आणि मग निर्णय "कोण जास्त आत्मविश्वासाने बोललं" यावर जातो.

दुसरा टप्पा बॅलट, म्हणजे परीक्षकाचा कागद. त्यात निकालाचं कारण लिहिण्याची जागा असते, आणि पालक तिथेच घसरतात. "दोघेही छान बोलले, शाबास!" यातून मुलाला काहीच मिळत नाही. मी सुचवतो ती सवय अशी: प्रत्येक वक्त्यासाठी जमलेल्या दोन नेमक्या गोष्टी आणि सुधारायची एकच गोष्ट, आणि निकालाच्या कारणात फ्लोवरच्या एखाद्या ओळीचा उल्लेख. उदाहरणार्थ, "ही योजना अमलात कोण आणणार, हा विरोधी संघाचा प्रश्न शेवटच्या भाषणापर्यंत अनुत्तरित राहिला, म्हणून मत विरोधी संघाला." असं वाक्य लिहिता आलं की तो पालक परीक्षक झाला.

दुसरी अडचण यापेक्षा खोल आहे. पालकाला विषयाची स्वतःची माहिती असते आणि तो मनातल्या मनात तिसरा वादक होतो. परिचारिका असलेल्या आईसमोर आरोग्य धोरणावर मुलगा चुकीचा आकडा बोलला आणि प्रतिस्पर्ध्याने तो पकडला नाही, तर काय करायचं? मत प्रतिस्पर्ध्याने काय दाखवून दिलं त्यावरच द्यायचं, आकड्याची चूक शेऱ्यात लिहायची. हे पालकांना पटायला वेळ लागतो. सरावात मुद्दाम असा प्रसंग घडवून चर्चा करा. आपलं मूल वादात असेल तर त्या खुर्चीत बसायचंच नसतं.

असे पाच-सहा बॅलट नीट लिहून झाले की कोचिंग. इथे एकच नियम मी अत्यंत कडक ठेवतो: पालकाचा हात कीबोर्डवर नको. भाषण मुलाचं असलं पाहिजे. पालकाने फक्त प्रश्न विचारायचे. हे कोणाला पटवायचं आहे? याचा पुरावा काय? हा परिच्छेद काढला तर काय बिघडेल? आईने लिहून दिलेलं भाषण ओळखणं सोपं असतं. मुलाला मधल्याच एखाद्या वाक्यावर थांबवून "हे का म्हणालास?" विचारा. तो पुढचं पाठ वाक्य म्हणू लागला, तर ते त्याचं नाही. वादात तर असं भाषण पहिल्या उलटतपासणीतच कोसळतं.

लांबीचं गणित पालकांनी पाठच करावं. इंग्रजीत सावकाश, स्वच्छ बोलणारं मूल मिनिटाला सुमारे 130 शब्द बोलतं. दहा मिनिटांच्या तयार भाषणाला 1,200 ते 1,250 शब्द पुरे, म्हणजे विरामांना जागा राहते. मुलं हमखास 1,500 लिहितात आणि मग धावतात. "हळू बोल" सांगून उपयोग नसतो, 250 शब्द काढायला बसवावं लागतं.

टीम पॉलिसीत दोन-दोन मुलांचे संघ असतात. आठ मिनिटांची चार मांडणीची भाषणं, प्रत्येकानंतर तीन मिनिटं उलटतपासणी, मग पाच मिनिटांची चार खंडनं. तयारीचा वेळ धरला नाही तरी 64 मिनिटं. यातली सगळ्यात अवघड जागा पालकांना दाखवून द्या: विरोधी संघाचं दुसरं मांडणीचं भाषण आणि लगेच येणारं त्यांचंच पहिलं खंडन. मध्ये फक्त उलटतपासणी. म्हणजे विरोधकांना 13 मिनिटं मिळतात, आणि त्या सगळ्याला ठरावाच्या बाजूच्या मुलाने 5 मिनिटांत उत्तर द्यायचं. नवी मुलं पहिल्या मुद्द्यावर तीन मिनिटं घालवतात आणि उरलेले चार मुद्दे हातातून निसटतात. म्हणून या एकाच भाषणाचा वेगळा सराव घ्या. फ्लो समोर ठेवून तेच पाच मिनिटांचं भाषण सलग तीनदा द्यायला लावा, दर वेळी प्रत्येक मुद्द्याला एक वाक्य कमी. तिसऱ्या वेळी मूल काय सोडायचं ते स्वतः ठरवू लागतं. लिंकन-डग्लसमध्ये एकास एक सामना आणि मूल्यांवरचा ठराव असतो. भाषणं लहान असतात म्हणून बारा-तेरा वर्षांच्या मुलाला तेच सोपं, असं पालक समजतात. उलट मूल्य आणि ते मोजायचा निकष यांचं अमूर्त बोलणं त्या वयाला जड जातं. माझा कल आधी टीम पॉलिसीकडे असतो, कारण शेजारी जोडीदार असतो.

आता विश्वासाचा प्रश्न, कारण तो प्रत्येक क्लबात येतोच. "माझ्या मुलाने त्याला न पटणारी बाजू का मांडायची? हे खोटं बोलणं नव्हे का?" या शंकेला घाईने उत्तर देऊ नका, ती प्रामाणिक आहे. नीतिसूत्रे 18:17 पालकांबरोबर उघडून वाचा. पहिला बोलतो तेव्हा तो खरा वाटतो, मग दुसरा येऊन त्याची तपासणी करतो. वादातलं मूल साक्ष देत नसतं, तपासणी करत असतं, आणि ही भूमिका सभागृहातल्या सगळ्यांना माहीत असते. खोटेपणा असतो तो पुराव्यात: लेखकाचं वाक्य अर्धं तोडणं, तारीख लपवणं, "तज्ज्ञ म्हणतात" म्हणून नाव गाळणं. तिथे कोचने अजिबात सैल राहू नये. प्रत्येक पुराव्यावर लेखकाचं नाव, त्याची पात्रता, तारीख आणि मूळ उतारा हवाच.

अपॉलॉजेटिक्स, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाचं समर्थन करणारा भाषणप्रकार, मात्र वेगळं आहे. तिथे मूल स्वतःच्या विश्वासाबद्दल बोलतं. प्रश्न हातात आल्यावर चार मिनिटं तयारी आणि सहा मिनिटं भाषण, आणि आधी घरी तयार केलेली फाइल कार्डं वापरता येतात. पालक एका कार्डावर बारा वचनं भरतात आणि मूल सहा मिनिटं वाचत राहतं. एका कार्डाला पुरे ते एवढंच: प्रश्नातल्या अवघड शब्दाची व्याख्या, दोन वचनं, एक दृष्टांत, आणि विरोधकाची सर्वात बळकट शंका. तारण, कृपा, पवित्रीकरण हे शब्द चर्चबाहेरच्या माणसाला समजतील असे सांगता येतात का, हे पाहण्यासाठी चर्चला न जाणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याला सरावाला बोलवा. तो काय म्हणाला हे 1 पेत्र 3:15 मधल्या सौम्यतेची खरी परीक्षा असते. क्लबात बाप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन, पेंटेकॉस्टल कुटुंबं एकत्र असतील तर कोचने बाप्तिस्मा किंवा पवित्र आत्म्याच्या दानांसारख्या विषयांत स्वतःची शिकवण लादू नये. ते आईवडिलांचं आणि त्यांच्या पाळकांचं क्षेत्र. कोचने मांडणी पाहावी: प्रश्नाचं उत्तर दिलं का, वचन संदर्भासह वापरलं का.

तुमच्यासारख्या मराठी घरांसाठी दोन गोष्टी. महाराष्ट्रातल्या शालेय वक्तृत्व स्पर्धांत वाढलेले पालक नकळत तीच शैली शिकवतात: चढा आवाज, ठरलेले हातवारे, शेवटी सुभाषित. इथे परीक्षक वर्गखोलीत दोन-तीन मीटरवर बसलेला असतो आणि त्याला ते अंगावर येतं. समोरच्या एका माणसाशी बोलतोय असा आवाज हवा. दुसरी गोष्ट, तुमच्या इंग्रजी उच्चारांमुळे मागे राहू नका. मुलाने आपला मुख्य युक्तिवाद पुण्याच्या किंवा अहिल्यानगरच्या (पूर्वीचं अहमदनगर) आजीला फोनवर एका मिनिटात मराठीत सांगावा. आजीने "पण मग पैसे कोण देणार?" असं विचारलं, की पुढच्या आठवड्याचं काम ठरलं. मराठीत सांगता येत नसेल तर मुलाला तो मुद्दा अजून समजलेला नाही.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. मुलांबरोबर खोलीत नेहमी दोन प्रौढ हवेत, आणि सगळ्या प्रौढांची पार्श्वभूमी तपासणी सुरुवातीलाच करून घ्या. आठवड्यातून एकदा दोन तास पुरतात: वीस मिनिटं उत्स्फूर्त भाषण, मग तासभर वाद, उरलेला वेळ वैयक्तिक भाषणं. घड्याळ सांभाळायचं काम सर्वात बुजऱ्या पालकाला द्या, त्याला आपोआप सगळे सामने ऐकायला मिळतात. नियमपुस्तक दर वर्षी बदलतं, म्हणून त्या वर्षीचंच छापून घ्या आणि एका पालकाला फक्त तेवढीच जबाबदारी द्या.

स्पर्धा संपल्यावर मिळणारे बॅलट परतीच्या गाडीत उघडू नका. दमलेलं मूल फक्त बोचणारं वाक्य लक्षात ठेवतं. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर, मुलालाच ते मोठ्याने वाचू द्या, आणि तीन वेगवेगळ्या परीक्षकांनी लिहिलेली एकच गोष्ट शोधायला सांगा. एकाच परीक्षकाने लिहिलेलं सध्या बाजूला ठेवा. तिघांनी लिहिलेलं पुढच्या क्लबच्या दिवशी फळ्यावर घ्या.