वाचकांचे प्रश्न : मोठ्या डोक्याचे मुंगळे कधी दिसू लागतात?

प्रश्न : मिरगाच्या पहिल्या पावसात पडवीतल्या दिव्याखाली पंख गळलेली काळी राणी सापडली. ती काचेच्या नळीत ठेवली. आता तिच्याजवळ वीस-पंचवीस कामकरी आहेत, पण सगळे बारीकच. अंगणातल्या मुंगळ्यांत मात्र बारीक, मध्यम आणि मोठ्या डोक्याचे असे सगळे एकत्र फिरतात. माझे खाणे कमी पडते आहे का? अंगणातले चार मोठे मुंगळे आणून नळीत सोडले तर चालेल का? — एक वाचक, देवगड

उत्तर : आपली वसाहत निरोगी आहे आणि या वयात ती अशीच दिसायला हवी. आपण केलेल्या वर्णनावरून ही कॅम्पोनोटस प्रजातीतली, बहुधा आपल्याकडे सर्वत्र आढळणाऱ्या कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस या काळ्या मुंगळ्याची राणी असावी. ही राणी स्वतःला कोंडून घेते आणि बाहेरचे काहीही न खाता, पंखांचे निकामी झालेले स्नायू व शरीरातली चरबी वापरून पहिली पिल्ले वाढवते. एवढ्या तुटपुंज्या शिध्यात एक मोठा मुंगळा घडवण्यापेक्षा अनेक लहान कामकरी घडवणे तिच्या दृष्टीने शहाणपणाचे असते, कारण अन्न आणायला आणि अळ्यांना भरवायला तिला हात हवे असतात, जबडे नव्हेत.

कोषातून बाहेर पडलेली मुंगी त्यानंतर कधीच वाढत नाही. आज दिसणारा बारीक कामकरी पुढे मोठा होईल, असा अनेकांचा समज असतो. तो मनातून काढून टाकावा. आकार ठरतो तो अळीच्या अवस्थेत, तिला किती आणि कसे अन्न मिळाले यावरून आणि त्यानुसार तिच्या शरीरात बदलणाऱ्या संप्रेरकांवरून. भरवणारे कामकरी वाढले, प्रथिने सातत्याने येऊ लागली, की काही अळ्यांना जास्त वाटा मिळतो. मग आधी मध्यम आकाराचे आणि वसाहत साधारणतः शेकड्याच्या घरात गेल्यावर खऱ्या अर्थाने मोठे मुंगळे दिसू लागतात. त्यासाठी एक पावसाळा पुरला नाही, तर पुढचा येऊ द्यावा.

मुंगळ्यांत लहानापासून मोठ्यापर्यंत मधली सगळी मापे सापडतात. फेडोल नावाच्या, घराच्या जोत्यालगत नेहमी दिसणाऱ्या बारीक मुंग्यांत मात्र दोनच ठळक रूपे असतात : दोन-तीन मिलिमीटरचे कामकरी आणि शरीराच्या मानाने प्रचंड डोक्याचे सैनिक. ते डोके जबडे मिटवणाऱ्या स्नायूंनी भरलेले असते, म्हणूनच कठीण दाणा किंवा किड्याचे कवच फोडायचे काम सैनिकाकडे येते. या दोन रूपांतली कामाची वाटणी वाटते तितकी ताठर नाही. मुंग्यांचे अमेरिकी अभ्यासक एडवर्ड विल्सन यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत फेडोलच्या वसाहतींतले लहान कामकरी काढून घेत प्रमाण बदलले, तेव्हा एरवी अळ्यांकडे न फिरकणारे सैनिक त्यांची देखभाल करू लागले. शिवाय वसाहतीत सैनिक भरपूर असले की त्यांच्या गंधद्रव्यामुळे नवे सैनिक घडणे मंदावते. म्हणजे मोठ्यांचे प्रमाण वसाहत स्वतःच सांभाळते आणि पाळणाऱ्याने त्यात ढवळाढवळ करण्याचे कारण नाही.

त्यामुळे अंगणातले मोठे मुंगळे आणून सोडू नयेत. प्रत्येक वसाहतीचा वास वेगळा असतो. तो अंगावरच्या मेणचट थरातल्या हायड्रोकार्बनांमुळे येतो आणि परका वास आला की मारामारी ठरलेली. त्यात आपली राणीही दगावू शकते. काही जण त्याच जातीचे कोष दुसऱ्या बिळातून आणून देतात आणि ते पुष्कळदा स्वीकारलेही जातात, पण केवळ मोठी डोकी लवकर पाहता यावीत म्हणून नांदते बीळ उकरणे मला मुळीच पटत नाही. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा ताजा मारलेला लहान नाकतोडा किंवा झुरळाचा तुकडा द्यावा. फवारणी झालेल्या घरातले झुरळ कधीही देऊ नये. सोबत मध किंवा साखर पाण्यात पातळ करून थेंबभर ठेवावी. पुढे मोठे मुंगळे आले की झुरळाचा पाय देऊन भिंगातून अवश्य पाहा : मोठा मुंगळा सांध्यावर जबडा रोवून तो तोडतो आणि बारीक कामकरी त्या फटीतून आतला रस चाटू लागतात.

प्रश्न : पावसाळ्यात भांड्याच्या कडेला लावलेल्या पावडरीवरून माझ्या फेडोल मुंग्या सर्रास बाहेर येतात आणि नळीतल्या कापसाला बुरशीही येते. काय करावे? — एक वाचिका, गुहागर

उत्तर : स्पिरिटात कालवून लावलेली टाल्कम पावडर कोरड्या हवेत उत्तम काम देते. किनाऱ्यावरच्या आषाढ-श्रावणातल्या हवेत मात्र ती ओल धरते, तिचे खपले होतात आणि मुंग्यांना पाय रोवायला आधार मिळतो. म्हणून पावसाळ्यात पावडरीवर विसंबू नये. घट्ट बसणारे झाकण आणि त्यात स्टीलची बारीक जाळी हाच खरा उपाय आहे. जाळीची भोके सर्वांत लहान कामकरी मुंगीच्या डोक्याहून बारीक हवीत, तर आतली नळी आणि दारे सर्वांत मोठ्या सैनिकाचे डोके सहज जाईल इतकी रुंद हवीत. दोन आकारांच्या मुंग्या पाळताना या दोन मापांची गल्लत नेहमी होते. आपल्याकडे जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तशी व्यवस्था भांड्याखालीही करावी. त्यामुळे घरातल्या इतर बारीक मुंग्यांचा हल्लाही टळतो आणि तो धोका बुरशीहून पुष्कळ मोठा असतो.

कापसावरच्या एखाद्या काळ्या ठिपक्याने घाबरू नये. उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी काढावे. बुरशी अळ्यांपर्यंत पसरली तर तळाशी पाणी भरून ते कापसाच्या बोळ्याने अडवलेली नवी नळी जोडून ती अंधारात ठेवावी आणि जुन्या नळीवरचे अंधारासाठी घातलेले आवरण काढून तिला उजेड दाखवावा. मुंग्या आपल्या आपण पिल्ले उचलून जातील. आपटून त्यांना बाहेर काढू नये.

प्रश्न : आमच्या हापूसच्या कलमावर हुमल्यांची घरटी आहेत. मुलाला त्यातले एक बरणीत पाळायचे आहे. — एक वाचिका, वेंगुर्ले

उत्तर : कृपया तसे करू नका. हुमल्यांची, म्हणजे झाडावर पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्यांची, एक वसाहत अनेक घरट्यांत, कधी अनेक झाडांवर पसरलेली असते आणि राणी त्यांतल्या एखाद्याच घरट्यात असते. तोडलेले घरटे बहुधा राणीविना निघते आणि बरणीत हळूहळू मरते. त्यांना पाने शिवायला जिवंत फांदी लागते, कारण शिवणीचा रेशमी धागा त्यांच्या अळ्या पुरवतात आणि कामकरी अळीला तोंडात धरून तो पानांवर ओढतात. शिवाय या मुंग्या झाडावरच्या कितीतरी किडी खातात. तोडणीच्या वेळी त्या चावतात हे खरे, पण त्यापायी घरटी जाळणेही योग्य नाही.

हुमल्यांतही दोन आकार असतात. फांदीवर दिसतात ते बहुतेक सगळे मोठे कामकरी. लहान कामकरी घरट्याच्या आत पिल्ले सांभाळतात आणि सहसा बाहेर येत नाहीत. मुलाला हे पाहायचे असेल, तर सकाळच्या वेळी थोडे लांब उभे राहून, नवे घरटे शिवले जात असताना दाखवा : एकमेकींच्या कमरेला धरून साखळी करणाऱ्या आणि पान ओढणाऱ्या त्या मोठ्या कामकरी असतात.