सुनेची नऊवारी

प्रश्न : ताई नमस्कार, मी ठाण्याची, वय ६२. सून आयटीत आहे, वर्षभर जीन्स नाहीतर कुर्ता-लेगिंग, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही हो. पण पाडव्याच्या शोभायात्रेला ही शिवलेली नऊवारी चढवते, आत चेन आणि इलॅस्टिक, प्रेसची नथ, वर गॉगल, आणि स्कूटरवर बसून फोटो स्टेटसला. नेसता येत नाही तर संस्कृतीचा देखावा कशाला? बोलले की मुलगा म्हणतो, आई तू जुनाट आहेस.

उत्तर : जुनाट वगैरे काही नाही, पण तुम्ही स्वतः काय नेसता हो? सहावारीच ना? (घरात गाऊन असणार, माझाही असतो.) ही गोल साडी आपल्याकडे आली तेव्हा काय कमी बोलणी खाल्ली बायकांनी, काष्टा सोडला म्हणजे बाई हाताबाहेर गेली असंच. माझ्या आजीने आईला विचारलेलं, आत परकर घालायला तू काय शाळेतली पोर आहेस? कारण नऊवारीला परकर लागतच नाही.

आणि परकर-ब्लाऊजवरची डाव्या पदराची साडी, जिला आपण अगदी अस्सल भारतीय म्हणतो ना, तिच्यातही मुंबईचा हात आहे. १८६०च्या दशकात सत्येंद्रनाथ टागोर, पहिले भारतीय आयसीएस, मुंबई इलाख्यात नोकरीला आले, त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवींनी इथल्या पारशी बायकांचं नेसणं बघितलं, थोडं बदललं आणि बंगालात नेलं, तिथे ब्राह्मो समाजाच्या, म्हणजे सुधारकी घरांतल्या बायकांनी ते उचललं. म्हणजे बघा, तेव्हाची ती फॅशनच.

स्कूटरचं म्हणाल तर नऊवारी मुळात कामाचीच साडी, काष्टा मारला की पाय मोकळे, भातलावणीला चिखलात उतरा नाहीतर डोक्यावर पाटी घेऊन चाला. स्कूटरवर ती सहावारीपेक्षा सोयीचीच की.

एक मात्र तुमचं पटलं. शिवलेल्या नऊवारीतला ओचा, म्हणजे पोटापाशी खोचलेला घोळ, नुसता दिसायला असतो. माझी आजी ओच्यातून शेंगा आणायची, सुट्टे पैसे कनवटीला, आणि आम्ही पोरं तिच्या मागे मागे. ती गंमत चेन लावलेल्या साडीत नाही.

तेव्हा तुमच्या कपाटात एखादं इरकल असेलच, किंवा सासूबाईंचं लुगडं, ते काढा आणि एखाद्या रविवारी सुनेला नेसवा. सव्वाआठ मीटर कापड आहे, पहिल्या वेळी निऱ्या सुटणारच, दोन सेफ्टी पिना जवळ ठेवा. आणि तुम्हालाच काष्टा नीट घालता येत नसेल तर यूट्यूब आहे, दोघी मिळून बघा.