डायहाऊसमधली दोन वर्षं वाया गेली का?

प्रश्न: मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूमवर आहे. मुलगी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाली, फर्स्ट क्लास. तिला एमएस्सी, पीएचडी करून प्राध्यापक व्हायचं होतं. घरची ओढाताण होती म्हणून मीच तिला डायहाऊसच्या, म्हणजे सूत रंगवण्याच्या विभागाच्या, लॅबमध्ये लावलं. दोन वर्षं झाली, बरोबरीच्या मुली एमएस्सी झाल्या. घरी आली तरी तिचं रंग आणि पाणी सुरूच असतं. परवा म्हणाली, रंगाची रिसिपी तीच, पण टँकरचं पाणी आलं की निळी शेड मळकी येते. मी तिचं नुकसान केलं का?
— एक वडील, सोलापूर

उत्तर: नमस्कार. टँकरच्या पाण्याचं ते वाक्य तुम्ही वैतागून लिहिलंय. मी मात्र ते तीनदा वाचलं. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे रिअॅक्टिव्ह (सुतावर रासायनिक बंधाने बसणाऱ्या) रंगाचे कण एकमेकांना धरतात, सुतावर सारखे चढत नाहीत, एवढं पुस्तकात मिळेल. पण उन्हाळ्यात आपल्याकडे येणारं पाणी कोणत्या रंगाला किती बाधतं, त्यासाठी मीठ-सोडा किती बदलायचा, न चिकटलेला रंग ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेत) किती उतरतो, हे कुणीतरी बसून मोजायला हवं. पीएचडीला येणारी कितीतरी मुलं विषय शोधतानाच थकतात आणि गाइड देतील तो घेतात. तुमच्या मुलीला विषय कामावर सापडलाय.

सी. व्ही. रामन 1907 मध्ये कोलकात्याला सरकारी हिशेब खात्यात रुजू झाले. ऑफिसच्या आधी आणि नंतर ते प्रयोगशाळेत जात. 1917 मध्ये ती नोकरी सोडून विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांचे प्रश्न काही हिशेबाच्या वह्यांतून आले नव्हते. तुमच्या मुलीचं तसं नाही, तिचं काम आणि तिचा प्रश्न एकाच टेबलावर आहेत.

तरी नुकसान काहीच नाही, असं मी म्हणणार नाही. कारखान्यातली वर्षं अध्यापनाचा अनुभव म्हणून धरत नाहीत. जेआरएफला (संशोधनासाठी मिळणाऱ्या शिष्यवृत्तीला) वयाची अट आहे. ऑरगॅनिकच्या रिअॅक्शन हातातून सुटत जातात. आणि मला खरी भीती तिसऱ्या-चौथ्या वर्षाची वाटते. पगार वाढतो, गाडीचा हप्ता सुरू होतो, लग्नाची बोलणी निघतात, मग अर्ज 'पुढच्या वर्षी'वर जातो. म्हणून येत्या उन्हाळ्यात निकालांनंतर एमएस्सीचे अर्ज निघतील तेव्हा तिचा अर्ज गेलाच पाहिजे. केगावला आपल्याच सोलापूर विद्यापीठात रसायनशास्त्र आहे, बाहेरगावच्या खोलीचा खर्च नाही.

एमएस्सीला रोज प्रॅक्टिकल असतात, त्यामुळे नोकरी सांभाळून ती करण्याचा नाद नको. दोन वर्षं पगार थांबेल, त्याची तजवीज आत्तापासून करा. पीएचडीचं वेगळं आहे. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे ती नोकरी करत अर्धवेळही करता येते, फक्त मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. तेव्हा कारखान्यातून भांडून निघू नका. अनुभवाचं पत्र घेऊन, गोड बोलून निघा. पुढे नमुने मागायला तिथेच जावं लागेल. सहायक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा द्यायची, त्या परीक्षेला वयाची अट नाही.

तोवर तिने एक वही ठेवावी. तारीख, पाणी नळाचं की बोअरचं की टँकरचं, त्याचा जडपणा, पीएच, लॅबची शेड आणि बल्कची (मोठ्या प्रमाणात रंगवलेल्या मालाची) शेड यांत पडलेला फरक. रिसिपी मात्र उतरवू नये, ती कारखान्याची मालमत्ता आहे. आकडे कुठे छापायचे झाले तर आधी लेखी परवानगी घ्यावी.

ओढाताणीत तुम्ही तिला घरी न बसवता तिच्याच विषयातल्या लॅबमध्ये लावलंत. ते चुकलं असं मला वाटत नाही. आज ती कामावरून आली की त्या निळ्या शेडचं पुढे काय केलं, ते विचारा आणि पूर्ण सांगू द्या.