फुलं नसताना कॉफीच्या कुळातलं झाड कसं ओळखावं? (अनंत, कदंब, इक्झोरा हे सगळे त्याच कुळातले का?)

हो, तिघेही रुबिएसी म्हणजे कॉफीच्या कुळातलेच. गेळा, बारतोंडी, भूतकेस आणि कोयनेलचं झाड सिंकोनाही त्यातलंच.

फुलांची वाट बघू नका, फांदीचा शेंडा बघा. पानं साधी, अखंड कडांची आणि बहुधा समोरासमोर असतात. खरी खूण म्हणजे दोन देठांच्या मधल्या जागेत, फांदीला चिकटलेलं छोटं त्रिकोणी उपपर्ण (देठाच्या बुडाशी येणारं पानासारखं पातं). ते शेंड्याच्या कोवळ्या पालवीचं रक्षण करतं. कदंबात ते लवकर गळतं, पण आडवा वण राहतो, म्हणून नेहमी टोकाकडची दोन-तीन पेरं तपासा.

मग पान तोडा. कुडा आणि तगर यांचीही पानं समोरासमोर आणि फुलं पांढरी, त्यामुळे त्यांची अनंताशी गल्लत फार होते. त्यांना पांढरा चीक येतो, या कुळात येत नाही. माझ्या मते नवशिक्यासाठी ही सर्वांत उपयोगी कसोटी आहे.

फूल मिळालंच तर पाकळ्या खाली जुळून नळी झालेली दिसेल, वर चार-पाच पाळ्या (अनंताच्या दुहेरी फुलांत जास्त). अंडाशय पाकळ्यांच्या खाली असतो. म्हणूनच गेळ्याच्या फळाच्या डोक्यावर निदलांचा (पाकळ्यांबाहेरच्या, बहुधा हिरव्या दलांचा) मुकुट टिकून राहतो. भूतकेसाचं पांढरं ‘पान’ म्हणजे वाढलेलं एक निदल, खरं फूल शेजारचं छोटं नारिंगी. कदंबाचा चेंडू हे एक फूल नसून शेकडो बारीक फुलांचा गुच्छ असतो.

कॉफीचं पान हाती आलं तर उलटं करून शिरांच्या बेचक्यांतले बारीक खळगे नक्की पाहा. त्यांत माइट नावाचे, कोळ्यांच्या जवळचे सूक्ष्म जीव राहतात.