आवड सुटली म्हणजे आजार जडला का?

"मॅडम, ज्या गोष्टीसाठी पूर्वी जेवण सोडून पळायचो, ती आता बघवत नाही. हे डिप्रेशन आहे का?"

हा प्रश्न माझ्याकडे अनेक रूपांत येतो. कुणाचं गाणं सुटलेलं असतं, कुणाचं क्रिकेट, कुणाची गडभ्रमंती. ज्यांच्याबद्दल आज लिहिते आहे, त्यांचं प्रोफेशनल रेसलिंग, म्हणजे टीव्हीवरची अमेरिकी कुस्ती बघणं, सुटलं होतं. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ३८. कोपरखैरण्यात वाढलेले, आता ऐरोलीत नोकरी. वडील वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी, मूळचे खटाव तालुक्यातले. घरात केबल आली तेव्हापासून या मुलाला अशा कुस्त्या भरवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकी कंपनीचं वेड. २००२ मध्ये त्याचं डब्ल्यूडब्ल्यूई झालं, तरी त्यांच्या तोंडी अजून जुनंच नाव आहे. एकेका पैलवानाची उंची, वजन, छाती, दंड, रँक असं सगळं छापलेले पत्ते तेव्हा मिळायचे. मधल्या सुट्टीत त्यांचा डाव रंगायचा. अंडरटेकरचा पत्ता हे डावात कधी काढायचेच नाहीत, हरला तर दुसऱ्याच्या हातात जाईल म्हणून.

त्यांना माझ्यापर्यंत आणलं ते याच कंपनीचा मोठा तारा जॉन सीना याच्या निवृत्तीने. शेवटची लढत १३ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टनला झाली. आपल्याकडे ती रविवारची सकाळ. शाळेचे जुने मित्र एकाच्या घरी पोहे-चहा घेऊन बसले. प्रतिस्पर्धी गुंथरने गळ्याभोवती हात आवळला, सीनाने हात आपटून हार मानली आणि मित्रांचे डोळे भरून आले. यांना काहीच वाटलं नाही. उलट कधी एकदा घरी जातो असं झालं. घरी येऊन फोनवर शोधलं, तर 'पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न वाटणं' हे नैराश्याचं लक्षण म्हणून पहिल्याच ओळीत दिसलं. त्या रात्री झोप लागली नाही.

लक्षण खरंच आहे, त्यामुळे मी ते झटकून टाकत नाही. पण नैराश्यात रस आटतो तो एका खोलीपुरता राहत नाही, घरभर पसरतो. जेवणाची चव जाते, मुलांचं बोलणं नकोसं होतं, झोप बिघडते, अंगात त्राण राहत नाही, स्वतःबद्दल वाईटसाईट विचार येतात. आणि हे दिवसातला बराच वेळ, जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे टिकलेलं असावं लागतं. मी सविस्तर विचारलं. पारसिक हिलवर सकाळचं चालणं सुरू होतं आणि आवडत होतं. रविवारचं मटण स्वतः करत होते. मुलाला गणित शिकवताना चिडत होते, पण हसतही होते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न विचारणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरून घेतली, गुण अगदी कमी आले. सध्या नैराश्य दिसत नाही, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

बहुतेकांचं काम इथे संपतं. ते मात्र उठले नाहीत. "मग मला झालंय काय?"

घरच्यांनी आपापलं उत्तर आधीच दिलेलं होतं. बायकोचं म्हणणं, वय झालं. मित्रांचं म्हणणं, आता सगळं ठरवून असतं हे कळतं ना, म्हणून मजा जाते. हे दुसरं कारण मला पटेना. ठरवून असतं हे त्यांना चौथीपासून माहीत होतं. वडील गावच्या जत्रेत निकाली कुस्त्या केलेले, हलगीवर वाढलेले. टीव्हीपुढून जाता-येता म्हणायचे, "नुरा कुस्ती हाय रं ती. पाठ टेकायच्या आधीच ठरलंय, कोण पडणार." कंपनीनेही ते कधीच मान्य केलं होतं. १९८९ मध्येच व्हिन्स मॅकमॅहन यांच्या कंपनीने न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगून टाकलं होतं की ही करमणूक आहे, स्पर्धा नव्हे. खेळांवरच्या सरकारी नियमांतून सुटका हवी होती. म्हणजे या मुलाने बघायला सुरुवात केली तेव्हा गुपित उरलंच नव्हतं. ते माहीत असूनही त्याने दहा-बारा वर्षं जीव लावला.

मी विचारलं, "शेवटची कुठली लढत अगदी मनापासून बघितलीत?"

ते बराच वेळ थांबले. मग १४ मार्च २००४ ची आठवण सांगितली. रेसलमेनिया या कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाच्या शेवटी एडी गेरेरो आणि क्रिस बेन्वा, दोघेही बुटके, दोघेही वर्षानुवर्षं मागे ठेवलेले, आपापला किताब घेऊन रिंगमध्ये एकमेकांच्या गळ्यात पडले. वरून कागदाचे तुकडे बरसत होते. ते तेव्हा अकरावीत होते, स्वतःही वर्गातले सगळ्यात बुटके. सांगताना त्यांचे हात आपोआप मिठीसारखे पुढे आले होते.

पुढचं त्यांनी पटापट सांगितलं. नोव्हेंबर २००५ मध्ये एडी हॉटेलच्या खोलीत मरून पडलेला सापडला, वय ३८. जून २००७ मध्ये बेन्वाने बायकोला आणि सात वर्षांच्या मुलाला ठार मारून स्वतःला संपवलं. पूर्ण बातमी कळण्याआधी कंपनीने त्याच्यासाठी श्रद्धांजलीचा कार्यक्रम केला, आणि कळल्यावर त्याचं नाव घेणंच थांबवलं. नंतर त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवार बसलेल्या माराने झालेली गंभीर हानी आढळली. त्या हानीने त्या कृत्याचा सगळा उलगडा होतो असं म्हणता येत नाही, आणि बळी गेलेली दोन माणसं त्यामुळे मागे सरकता कामा नयेत. मी हे बोलले तेव्हा ते म्हणाले, "तेच तर. मी रडू तरी कुणासाठी?"

इथे मला धागा सापडला. सगळे त्यांना सांगत होते, ते खोटं असतं. त्यांना न सोसणारी गोष्ट होती त्यातलं खरं. निकाल ठरलेला, पण फळ्यांवर आदळणारी पाठ खरी, डोक्यात बसलेली लोखंडी खुर्ची खरी. मे १९९९ मध्ये ओवेन हार्ट हा पैलवान रिंगमध्ये उतरण्यासाठी छतावरून खाली येताना पडून गेला, तेव्हा हे अकरा वर्षांचे. ही पण कथाच असेल, असं समजून ते पुढच्या आठवड्यात त्याची वाट बघत बसले होते. ते सांगताना त्यांचा आवाज फुटला. म्हणजे मन मेलेलं नव्हतं.

बेन्वाची बातमी आली तेव्हा ते विशीत होते. कॉलेजात मित्रांनी विनोद केले, घरी वडिलांना काय सांगणार? 'नुरा कुस्तीतला माणूस' गेल्याचं दुःख त्या घरात मांडायला जागा नव्हती, आणि मारेकऱ्यासाठी दुःख करावं हे त्यांनाही मान्य नव्हतं. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा शोकाची मांडणी केली, ज्याला आसपासचे लोक शोक मानतच नाहीत. माझ्या कामात मला तो सारखा भेटतो. पाळलेला कुत्रा गेलेला असतो, लग्नाआधीचं प्रेम गेलेलं असतं. बोलायची सोय नसली की माणूस त्या विषयाजवळ जाणंच टाळतो, आणि बाहेरून ते टाळणं रस संपल्यासारखं दिसतं.

पुढच्या भेटींत आम्ही एवढंच केलं की राहिलेलं बोलून घेतलं. बेन्वाबद्दलचा संताप, त्याच्या मुलाबद्दलची कळकळ आणि अकरावीतला तो आनंद, तिन्ही एकाच वेळी मनात राहू शकतात. त्यातलं एक खोटं ठरवायची गरज नाही. मग मी सुचवलं की झेपेल अशी एक जुनी लढत पुन्हा बघा, हवं तेव्हा बंद करा. त्यांनी एडीने ब्रॉक लेस्नरला हरवलेली फेब्रुवारी २००४ ची लढत निवडली. पुढच्या भेटीत ते जवळजवळ तासभर त्यावरच बोलले. पडताना एडी हनुवटी छातीशी कशी लावतो, मार एका जागी बसू नये म्हणून तळहात आणि पाठ एकदम कशी टेकवतो, आणि तो धिप्पाड लेस्नर त्याला उचलताना किती जपतो. "लहानपणी मी फक्त कोण जिंकतो ते बघायचो. हे दोघं एकमेकांना सांभाळतायत, हे कधी दिसलंच नव्हतं." दंडाला दंड घासून वाढलेल्या वडिलांबरोबर हे बघायला हवं होतं, असंही म्हणाले. वडील आता नाहीत. आपल्याकडचा खली त्या कुस्तीत आला तेव्हा मात्र ते एकदा टीव्हीपुढे बसले होते आणि म्हणाले होते, "ह्याचा पट काढला तर उठायचा न्हाय गडी."

तुमचंही एखादं वेड असं सुटलं असेल, तर आधी बाकीच्या गोष्टींकडे बघा. झोप, भूक, माणसं, काम, सगळंच दोन आठवड्यांहून जास्त काळ फिकं पडलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर वाट बघू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. फक्त एकच गोष्ट नकोशी झाली असेल, तर ती बघताना नेमकं कुठे थांबावंसं वाटतं ते लक्षात घ्या. स्वतःला ओढून-ताणून पुन्हा रमवायचा अट्टहास मला तरी कधी कामी आलेला दिसला नाही.

ते आता मुलाबरोबर नेटफ्लिक्सवर अधूनमधून बघतात. मुलगा नऊ वर्षांचा आहे, गादीवर उड्या मारू नये हा नियम दोघांनी मिळून केलाय. जुन्या लढती लावल्या आणि डोक्यात खुर्ची मारायचा प्रसंग आला, की ते पुढे सरकवतात आणि का सरकवलं तेही सांगतात. २०१० मध्ये कंपनीनेच डोक्यावरचे असे वार बंद केले, हेही त्याला माहीत आहे. बेन्वाबद्दल मुलाला कधी आणि किती सांगायचं, यावर नवरा-बायकोचं अजून एकमत झालेलं नाही. त्यासाठी दोघं पुढच्या महिन्यात माझ्याकडे एकत्र येणार आहेत.