आधी घरातली लाईन बघा, मग ग्राफिक्स कार्ड

गेमिंगसाठी कॉम्प्युटर असेंबल करणाऱ्यांचे प्रश्न हल्ली गावागावांतून येतात आणि बहुतेक सगळे एकाच ठिकाणी अडलेले असतात: कोणता भाग कोणत्या भागाशी जुळतो? काही निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देतो.

दारव्हा, जि. यवतमाळ. बीसीएच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी: दादा, कापूस विकला की बाबा कॉम्प्युटरसाठी पैसे देणार आहेत. मी यादी काढली आहे: रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, डीडीआर४ रॅमची १६ जीबीची एक स्टिक, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). ऑनलाइन ऑर्डर करून टाकू का?

थांब, अजून काहीच मागवू नकोस. यातला एकेक भाग चांगला आहे, पण ते एकमेकांत बसणार नाहीत. रायझन ५ ५६०० हा एएम४ सॉकेटचा, म्हणजे बोर्डावरच्या त्या नावाच्या बैठकीत बसणारा, प्रोसेसर आहे. त्याच्या पोटाला बारीक पिना असतात आणि त्या बोर्डावरच्या छिद्रांत जातात. बी६५० हा एएम५ चा बोर्ड. त्यात पिना बोर्डावर असतात आणि प्रोसेसरचं पोट सपाट असतं. म्हणजे दोन्हीकडे पिनाच येतील. जोर लावलास तर दोन्ही वस्तू जातील, आणि वाकलेल्या पिनेला वॉरंटी मिळत नाही. रॅमचंही तसंच. बी६५० फक्त डीडीआर५ घेतो आणि डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे स्टिक स्लॉटमध्ये शिरतच नाही.

तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली: प्रोसेसर हाच ठेव, बोर्ड एएम४ चा बी५५० घे आणि रॅम डीडीआर४ च राहू दे. दुसरी: बोर्ड बी६५० ठेव, त्यावर रायझन ५ ७६०० आणि डीडीआर५ रॅम घे. दुसऱ्या वाटेवर पुढे नुसता प्रोसेसर बदलता येतो, कारण एएम५ ला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलं आहे. पण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत आणि या वाटेला खर्च जास्त आहे. १०८० पिक्सेलच्या साध्या मॉनिटरवर खेळायचं असेल, तर मी तुला पहिलीच वाट सांगेन. वाचलेला पैसा कुठे घालायचा ते पुढे येईलच.

दुकानदार बी५५० ऐवजी स्वस्तातला बी४५० किंवा ए५२० पुढे करेल. चालेल तोही, पण आरटीएक्स ४०६० बोर्डाशी आठच लेनने, म्हणजे माहितीच्या आठच वाटांनी, बोलतं. या जोडणीच्या जुन्या आवृत्तीवर, पीसीआय ३.० वर, त्या लेनचा वेग निम्मा होतो आणि कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की गेम अडखळतो. बी५५० वर पीसीआय ४.० मिळतं. याच कारणासाठी ५६०० च्या जागी ५५०० किंवा ५६००जी घेऊ नकोस, ते दोन्ही ३.० वरच थांबतात. बोर्ड जुन्या स्टॉकमधला असेल तर बायोस (बोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) अपडेट करूनच हातात द्या, असं बिल फाडण्याआधी सांग. ५००० मालिका नोव्हेंबर २०२० ची. त्याआधी डब्यात बंद झालेला बोर्ड हा प्रोसेसर ओळखेलच असं नाही, स्क्रीन काळीच राहू शकते.

रॅम १६ ची एक नको, ८ च्या दोन घे. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लाव. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमच्या पूर्ण वेगाचं सेटिंग, चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम त्याहून कमी वेगाने चालत राहते. अशी वर्षानुवर्षं चाललेली मशीन मी पुष्कळ बघितली आहेत आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण पैसे मोजून झालेले असतात.

आता ४५० वॅटचा एसएमपीएस. त्यासाठी पुढचं उत्तर वाच.

मोर्शी, जि. अमरावती: भाऊ, लाईन गेली का पीसी बंद होते न पुन्हा सुरू होते. घरी इन्व्हर्टर हाय तरी. एसएमपीएस लोकल हाय, ५०० वॅटचा. अन् कॅबिनेटले हात लावला का झिणझिण्या येतात. एसएमपीएस बदलू का ग्राफिक्स कार्ड खराब झालं?

कार्डाला दोष देऊ नका. तुमच्याकडे तीन गोष्टी एकत्र झाल्या आहेत, त्या वेगवेगळ्या बघू.

पहिली, एसएमपीएस. त्याच्या स्टिकरवर मोठ्या अक्षरात ५०० लिहिलेलं असेल, ते वाचू नका. खालच्या कोष्टकात १२ व्होल्टचा रकाना शोधा आणि तिथले अँपिअर १२ ने गुणा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे खरी ताकद तीच. समजा तिथे १८ अँपिअर असतील, तर १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॅट. बाकीचे आकडे ३.३ आणि ५ व्होल्टचे, ते गेमिंगच्या कामाचे नाहीत. चांगल्या कंपनीच्या ५५० वॅटमध्ये याच रकान्यात ४० च्या वर अँपिअर दिसतात. शिवाय असा एसएमपीएस बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंत काम करतो. ज्या गावात गावठाणाचं आणि शेतीचं फिडर अजून वेगळं झालेलं नाही, तिथे पंप सुरू झाले की बल्ब पिवळा पडतो. तो व्होल्टेज असा एसएमपीएस सोसतो, लोकल सोसत नाही. दारव्ह्याच्या विद्यार्थ्याने वाचवलेले पैसे इथेच घालायचे आहेत. त्याच्या प्रोसेसर-कार्डाला मिळून २०० वॅटच्या आसपास लागतील, तरी एनव्हिडिया त्या कार्डासाठी ५५० वॅट सुचवते. ८० प्लस ब्राँझचा (हा कार्यक्षमतेचा शिक्का), पाच वर्षांच्या वॉरंटीचा ५५० वॅट घ्यावा.

दुसरी, इन्व्हर्टर. लाईन गेल्यावर तो बॅटरीवर येईपर्यंत मधे काही मिलिसेकंद जातात. एसएमपीएस आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर पूर्ण लोडला सोळा-सतरा मिलिसेकंद काढतो. साध्या मोडवर इन्व्हर्टरला त्याहून जास्त वेळ लागतो आणि पीसी पडतो. बहुतेक इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू करा. मात्र या मोडमध्ये तो साधारण १८० च्या खालचा व्होल्टेज घेत नाही आणि लाईन असतानाही बॅटरीवर जातो. संध्याकाळी तुमच्याकडे व्होल्टेज पडत असेल तर बॅटरी रोज उतरेल. अशा वेळी इन्व्हर्टर घरासाठी राहू द्या आणि पीसीला वेगळा यूपीएस घ्या. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, गेमिंगला १००० च्या वरचाच बघा. आणि एक नक्की तपासा: इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लाटेची वीज देणारा) आहे की प्युअर साइन वेव्ह (घरच्या लाईनसारखी गुळगुळीत लाट देणारा). चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट खेचणारं सर्किट) असतं आणि स्क्वेअर वेव्हवर ते गुणगुणतं, कधी बंदच पडतं. तेव्हा नवा एसएमपीएस आणला आणि त्रास वाढला, असंही होऊ शकतं. दोन्हींची जोडी बघूनच घ्या.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, झिणझिण्या. एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात. तिथून गळणारा किंचित करंट अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा. अर्थिंग नसलं की कॅबिनेटवर लाईनच्या निम्मा व्होल्टेज उभा राहतो आणि हात लावला की तो तुमच्यातून जातो. एसएमपीएस बदलून हे थांबणार नाही. तीन पिनांचा प्लग आहे म्हणजे अर्थिंग आहे, असं समजू नका. कितीतरी घरांत तिसऱ्या छिद्रामागे वायरच नसते. परवानाधारक वायरमनला बोलावून अर्थिंगचा खड्डा करून घ्या, आणि असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी टाकत जा, कोरड्या जमिनीत अर्थिंग नीट काम करत नाही. अर्थिंगवाचून स्पाइक गार्डसुद्धा पुरतं संरक्षण देत नाही. घरात लहान मुलं असतील तर हे काम होईपर्यंत पीसी प्लगमधून काढून ठेवा.

वणी, जि. यवतमाळ. एक आई: मुलाला सुट्टीत कॉम्प्युटर घ्यायचा आहे. दुकानदाराने कोटेशन दिलं: "आय७, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी, २ जीबी ग्राफिक्स कार्ड, आरजीबी कॅबिनेट, फुल गेमिंग सेट." भाव कमी वाटतो. घ्यावा का?

ताई, या कोटेशनमध्ये जे लिहिलेलं नाही तेच विचारायचं आहे. आय७ कोणत्या जनरेशनचा? भाव कमी असेल तर तो बहुधा आय७ ३७७० सारखा असेल. तो २०१२ सालचा आहे. त्यात चार कोअर आणि आठ थ्रेड. २०२२ च्या साध्या आय३ १२१०० मध्येही तेवढेच कोअर-थ्रेड आहेत आणि तो कितीतरी वेगवान आहे. त्या जुन्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो. २ जीबीचं कार्ड बहुधा जीटी ७३० निघेल. ते चित्र दाखवायला ठीक, आजचे गेम खेळायला नाही.

दुकानदाराला म्हणा, प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल, नवा की जुना, आणि वॉरंटी किती, हे बिलावर लिहून द्या. लिहून देत नसेल तर नागपूरला सीताबर्डीच्या बाजारात एक चक्कर मारा. आरजीबी दिव्यांचे पैसे एसएसडी आणि एसएमपीएसला वळवा. मुलगा थोडा रुसेल, पण त्याच्या अभ्यासालाही हेच मशीन वापरायचं आहे.

ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर: माझी खोली टिनाची आहे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पीसी आपोआप बंद पडतो. लिक्विड कूलर लावू का?

नको. लिक्विड कूलरही शेवटी उष्णता खोलीच्याच हवेत सोडतो. खोलीत ४५ अंश असतील, तर हिवाळ्यात २५ अंशांच्या खोलीत ७० वर असणारी चिप आता ९० च्या आसपास जाते आणि वर आलेल्या रायझन ५ ५६०० ची कमाल मर्यादा ९० आहे. कोणताही पंखा तिला खोलीपेक्षा गार करू शकत नाही. काच लावलेलं बंद तोंडाचं कॅबिनेट असेल तर ते बदलून जाळीच्या तोंडाचं घ्या, पुढून दोन पंखे आत आणि मागून एक बाहेर. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम ६० वर बांधून टाका. कार्डाचं काम आणि गरमी दोन्ही लगेच उतरतात, आणि खर्च काहीच नाही.

पाण्याच्या कूलरसमोर पीसी ठेवू नका. खोली गार होऊ द्या, पण ओला झोत थेट कॅबिनेटवर नको. तुषार उडतात, आणि ओलसर धूळ हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये चिकटून बसते. आजूबाजूला जिनिंग असेल तर हंगामात रुईचे तंतू जाळीवर साचतात, दर आठवड्याला ब्रशने काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

पुसद: आय५ १२४००एफ लावला, सगळे पंखे फिरतात, डिस्प्ले येत नाही.

मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावली असेल. नावात एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं. केबल कार्डाला लावा.

देसाईगंज, जि. गडचिरोली: ऑफिसमधून निघालेला ब्रँडेड कॉम्प्युटर आहे, आय५ चौथ्या जनरेशनचा. त्यात ग्राफिक्स कार्ड बसेल का?

आधी झाकण उघडा. उभट बारीक कॅबिनेट असेल तर अर्ध्या उंचीचंच कार्ड बसेल. मग एसएमपीएसच्या वायरी बघा. अशा मशीनमध्ये बोर्डाला जाणारा कनेक्टर अनेकदा नेहमीच्या २४ पिनांचा नसतो, म्हणून बाजारातला एसएमपीएस थेट लागत नाही, आणि मूळच्या एसएमपीएसला कार्डासाठी सहा-आठ पिनांची वायर नसते. उरतं ते वेगळी वायर न मागणारं, ७५ वॅटच्या आतलं कार्ड, जसं जीटीएक्स १६५० चे काही मॉडेल. सेकंडहँड मिळालं तर घ्या आणि जुने गेम आनंदाने खेळा. पण त्या मशीनवर त्याहून जास्त खर्च करू नका. ती डीडीआर३ रॅम आणि तो बोर्ड पुढच्या कॉम्प्युटरला काहीच उपयोगी पडणार नाहीत. एसएसडी मात्र आजच टाका, साटाची २.५ इंची घ्या. उद्या नवा पीसी झाला की तीच काढून त्यात लावता येईल.